समोर बसलेला माणूस चारकोलने काढताना आकृती लाकडासारखी होते. नाशिकमध्ये सराव कसा करावा?

रेघ_पंचवटी

नमस्कार. प्रश्न लांबला आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही असं वाटतं.

मी सातपूरच्या एका कारखान्यात ड्राफ्टिंग करते. सतरा वर्षं झाली. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली होती. पुढे चित्रकलेलाच जायचं होतं, पण घरच्यांनी मेकॅनिकलच्या डिप्लोमाला घातलं. त्याबद्दल आता तक्रार नाही. गेल्या दिवाळीत मुलीच्या प्रोजेक्टसाठी चारकोलच्या कांड्या आणल्या. तिचं काम झाल्यावर दोन उरल्या होत्या, त्या रात्री हातात घेतल्या आणि तेव्हापासून सुटलेल्या नाहीत.

फोटोवरून काढलेलं बरं येतं. मोबाइलवर फोटो मोठा करायचा आणि दोन-तीन तास बसायचं. डोळे, नाक, सुरकुत्या सगळं जमतं, लोक कौतुकही करतात. पण जिवंत माणूस समोर आला की माझं काहीच चालत नाही. डोकं जागेवर, हात जागेवर, मापं तपासली तर फारशी चुकलेली नसतात, तरी माणूस खांबासारखा उभा. बसलेला काढला तर तो जमिनीवर बसलेला वाटत नाही, हवेत चिकटवलेला वाटतो.

सरावासाठी मी बुधवारी अर्धा दिवस रजा टाकून गोदाघाटावरच्या बाजारात जाऊ लागले. गाडगे महाराज पुलाच्या बाजूला एक मावशी मेथी-शेपू घेऊन बसतात. एक गुडघा उभा, त्यावर कोपर आणि दुसरा तळवा मागे जमिनीवर टेकलेला. ही बैठक मला इतकी आवडली की चार बुधवार तीच काढतेय. पण गिऱ्हाईक आलं की त्या वाकतात, जुडी उचलतात, पैसे कनवटीला लावतात. परत बसतात ते वेगळ्याच कोनात. माझ्या कागदावर तीन गुडघे आणि दीड डोकं उरतं.

एक प्रसंग सांगायलाच हवा. रामकुंडाच्या खालच्या अंगाला एक बाई साडी वाळवत होत्या. दोन्ही हात वर, वाऱ्याने साडी फुगलेली. मी पायरीवर बसून काढत होते. त्यांचा मुलगा जवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "आईला विचारलंत का?" मी विचारलं नव्हतं. मी कागद पॅडवरून काढून त्याच्या हातात दिला आणि माफी मागितली. तेव्हापासून न विचारता कुणाला काढत नाही. पण विचारलं की माणूस पदर सारखा करून, पाठ ताठ करून फोटोला बसल्यासारखा बसतो. जे काढायचं होतं ते तिथेच संपतं.

मॉडेल समोर बसवून काढणं हाच यावर उपाय आहे असं वाचते. पण ज्यांनी आर्ट कॉलेज केलेलं नाही अशांनी नाशिकमध्ये हे कसं करायचं? मॉडेल म्हणून कुणाला आणि कसं विचारायचं? आणि समोर माणूस असताना हात नेमका कशापासून सुरू करायचा?

गंगापूररोड

साहित्याबद्दल माझ्याकडून थोडं. महागड्या कागदावर सराव करू नका, कागद जपायला लागलं की हात आखडतो. वर्तमानपत्राच्या छापखान्यात रिळाच्या शेवटी कोरा कागद उरतो, ओळख काढून विचारा. तो वर्षभरात पिवळा पडतो, पण क्विक स्केचला उत्तम. पंधरा-वीस मिनिटांच्या वरच्या कामाला कार्ट्रिज कागद घ्या, त्याला दाणा असतो, म्हणजे तो किंचित खरखरीत असतो.

आणि कांडी पेन्सिलीसारखी टोकाने धरत असाल तर ते आधी सोडा. दीड-दोन इंचांचा तुकडा मोडा आणि आडवा धरून त्याच्या कुशीने काढा. बोर्ड मांडीवर आडवा न ठेवता उभा ठेवा. आडव्या बोर्डाकडे तिरकं बघून काढलं की आकृती वरच्या बाजूला लांबते, मापं बरोबर घेतली तरी.

ओळंबा

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर मनात राहिला. मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. त्याआधी मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलो.

तुमची मापं चुकत नाहीत असं तुम्हीच लिहिलंय. माझा विश्वास आहे, कारण ड्राफ्टिंगवाल्याचा डोळा मापात चुकत नाही. तुम्ही काढत नाही आहात ते वजन. माणूस जमिनीवर कुठे भार देतोय हे आधी ठरलं नाही, तर अवयव कितीही अचूक काढा, माणूस हवेतच राहणार.

आमच्या लाइफच्या, म्हणजे मॉडेल समोर ठेवून काढायच्या वर्गात सर हातात गवंड्याचा ओळंबा घेऊन यायचे. मॉडेल एका पायावर भार देऊन उभी असायची. सर लांबून ओळंब्याचा दोरा तिच्या गळ्याच्या खळग्याशी लावून दाखवायचे. दोरा सरळ खाली तिच्या भार घेतलेल्या पायाच्या आतल्या घोट्याशी यायचा. ज्या पायावर भार, त्या बाजूचं कमरेचं हाड वर चढतं, दुसऱ्या बाजूचं खाली उतरतं, तो गुडघा सैल पडतो. आणि तोल सांभाळायला खांदे बहुधा उलट्या दिशेला कलतात. या तीन गोष्टी, म्हणजे दोरा, कमरेचा उतार आणि खांद्यांचा उतार, पहिल्या वीस सेकंदांत कागदावर आल्या पाहिजेत. नाक-डोळे त्यानंतर कधीही. तुम्ही रोज सेंटर लाइन मारता. ही तीच आहे, फक्त तिचा वरचा बिंदू गळ्यात आणि खालचा घोट्यात.

उभ्या रेषेला ओळंबा, तसं आडव्या रेषेला आपल्या नाशिककरांकडे स्वतःचं साधन आहे. गोदावरीला पूर आला की आपण फूट-मीटर विचारत नाही. नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं म्हणतो. मी मुलांना हेच करायला लावायचो. समोर बसलेल्या माणसाभोवती पाणी चढतंय असं धरा, म्हणजे नजरेसमोर एक आडवी रेघ खालून वर सरकतेय. पाणी घोट्याला पोचलं तेव्हा आणखी कशाला लागलं? टेकलेल्या तळव्याला? पाटीच्या कडेला? उभ्या गुडघ्याला पोचलं तेव्हा दुसरं कोपर बुडालं की वर आहे? एका पातळीत येणाऱ्या गोष्टी अशा सापडत गेल्या की बसलेल्या माणसाचं कोडं सुटतं. तुमच्या मेथीवाल्या मावशींचं तर याच रीतीने सुटेल, कारण त्यांचा गुडघा तुमच्याकडे येतोय. समोरून आलेली मांडी डोळ्याला आखूड दिसते, पण मांडी लांब असते हे मनाला माहीत असतं, म्हणून हात ती लांबच काढतो. पाण्याची पातळी मनाचं ऐकत नाही.

आता चारकोल. शिसपेन्सिल चुकीला शिक्षा करते, चारकोल करत नाही, म्हणून लाइफला तो हवा. विलो झाडाच्या काडीपासून केलेल्या कांडीत कसलाही चिकटा नसतो. हवा न लागू देता भाजलेली ती काडीच. तिची पूड कागदाच्या दाण्यात नुसती बसते, फडक्याच्या एका फटक्याने उडते आणि मागे फिकट छाया ठेवते. ती छाया पुसू नका. मावशी हलल्या तर पुढची रेघ त्या छायेच्या आधाराने घ्या. तीन गुडघे आले म्हणून कागद फेकू नका, तिन्हीतला खरा कोणता ते चौथ्या वेळी दिसेल. दाबून बनवलेल्या काळ्या कांड्या मिळतात त्यांत चिकटा असतो. त्या गडद होतात पण सहज पुसल्या जात नाहीत, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत, सर्वांत काळ्या दोन-तीन जागांनाच.

वेळेचं असं करा. एक मिनिटाच्या दहा पोझ, दोन मिनिटांच्या पाच, पाच मिनिटांच्या दोन आणि मग वीस मिनिटांची एक. एक मिनिटाच्या पोझमध्ये फक्त भार. चित्र झालं नाही तरी चालेल. वीस मिनिटांच्या पोझला खोलीतले सगळे दिवे बंद करून एकाच बाजूचा उजेड घ्या, खिडकी असली तर उत्तम. डोळे किलकिले केले की सगळी सावली एका आकारात मिसळते. तो आकार आधी एकाच टोनने भरा, त्यातले बारकावे मग. उजेड हवा तिथे पुट्टी रबराने, म्हणजे मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने, उचलून घ्या.

मॉडेल नग्नच हवी असं मानून अडून राहू नका. जे.जे.ची सुरुवात १८५७ ची. नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग मात्र १९२० च्या सुमारास, तिथले प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात सुरू झाला. तोवर अभ्यासाचा मोठा भाग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून चाले. त्याच आधीच्या काळात तिथे शिकलेल्या चित्रकार धुरंधरांनी नऊवारीतली मराठी बाई अशी काढली की लुगड्याच्या चुण्यांवरून तिचं शरीर कळतं. चुणी कधी आपोआप पडत नाही. टेकलेल्या, वाकलेल्या, ताणलेल्या जागेपासून ती निघते. गुडघ्यावरून ओढलेलं कापड बघा, वजन कुठे आहे ते कापडच सांगेल. धुरंधर १८६७ चे. त्याच वर्षी जन्मलेल्या जर्मन चित्रकार केथे कोल्विट्झची चारकोलची कामंही जरूर बघा. तिच्या आया आणि मजूर बायका. मूल कडेवर असलं की त्या मुलाचं वजन तिने आईच्या पाठीत काढलेलं असतं.

कॉलेजरोड_फाउंडेशन

सरांचं सगळं पटलं, पण फोटोवरून केलेला सरावही टाकाऊ मानू नये. मी आर्ट कॉलेजच्या फाउंडेशन कोर्सला आहे. आम्हाला मॉडेल आठवड्यातून एकदाच मिळतं. बाकीचे दिवस मी मोबाइलवर टायमर लावून फोटोवरून तीस सेकंदांच्या पोझ काढतो, रोज तीस. तीन महिन्यांत वेगात फरक पडला. ताईंना नोकरी आहे, त्यांना रोज माणूस कुठून मिळणार?

ओळंबा

वेगासाठी जरूर करा, मी मोडता घालणार नाही. पण फोटोत दोन गोष्टी हरवतात. मोबाइलने जवळून घेतलेल्या फोटोत पुढचा हात-पाय वाजवीपेक्षा मोठा येतो आणि सावलीतला भाग नुसता काळा होतो. समोरच्या माणसाच्या सावलीत जमिनीवरून उसळलेला उजेड दिसतो, हनुवटीखाली, दंडाच्या मागे. तो दिसल्याशिवाय गोलाई कळत नाही. आणि फोटो थकत नाही. माणूस सातव्या मिनिटाला थकतो, खांदा अर्धा इंच उतरतो, आणि त्या उतरण्यातच पोझ खरी होते.

स्टँडवरून

ताई, मी मॉडेल म्हणून बसते. अकरा वर्षं झाली. माझी मुलगी हे टाइप करतेय, मी सांगतेय. वर सरांनी सातव्या मिनिटाला खांदा उतरतो लिहिलंय, ते खरं आहे. त्या वेळी आत काय होतं ते कुणी लिहीत नाही म्हणून मी सांगते.

उभ्या पोझला आधी टाच दुखत नाही. आधी गुडघ्याच्या मागे ओढ लागते, मग कंबर. बसलेल्या पोझला तळवा टेकवून भार दिला असेल तर मनगट आधी जातं आणि बोटांना मुंग्या येतात. हात खांद्याच्या वर धरायचा असेल तर दोन-तीन मिनिटांच्या वर सांगू नका. मुलं म्हणतात, मावशी फक्त दहा मिनिटं. दहा मिनिटं हात वर धरून स्वतः बघा. मी प्रत्येक नव्या बॅचला हेच सांगते, एकदा तुम्ही स्टँडवर, मॉडेलच्या जागी, या. जी मुलं येतात त्यांच्या चित्रात दुसऱ्या आठवड्यापासून फरक दिसतो. मला चित्रातलं काही कळत नाही, पण माझी कंबर दुखत होती ती कागदावर आली की नाही ते मला कळतं.

वीस मिनिटं झाली की पाच मिनिटं मोकळं सोडा. सोडण्याआधी पावलांभोवती आणि तळव्याभोवती खडूने खूण करा, म्हणजे परत बसताना भांडण नाही. पंखा थेट अंगावर नको, घाम आला की गार वारा बाधतो. नजर ठेवायला भिंतीवर एक जागा द्या. पाणी द्या. आणि बोला. चार तास कुणी एक शब्द बोललं नाही की आपण टेबलावर ठेवलेला माठ आहोत असं वाटतं.

पैसे आधी ठरवा आणि त्याच दिवशी हातात द्या. घरची असली तरी द्या. पोझ सुधारायची असेल तर तोंडाने सांगा, किंवा स्वतः करून दाखवा. हात लावू नका.

मोबाइल लांब ठेवायला लावा. एका ठिकाणी मी पाठमोरी बसले होते आणि एकाने मागून फोटो काढला. माझ्या मुलीच्या वर्गातल्या मुलीच्या फोनवर तो आला. मी सहा महिने काम बंद ठेवलं होतं. परत आले कारण एका बाईंनी घरी येऊन सांगितलं, आता वर्गात शिरतानाच सगळ्यांचे फोन पेटीत जमा होतात. त्यांनी ते पाळलं, आजही पाळतात.

त्या साडी वाळवणाऱ्या बाईंचा कागद तुम्ही मुलाला देऊन टाकलात, ते वाचून मला बरं वाटलं.

रेघ_पंचवटी

पाच आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार, आणि स्टँडवरच्या मावशी, तुमचे खास. तुमचा प्रतिसाद छापून बोर्डाच्या मागे चिकटवला आहे.

आधी स्वतः बसून बघितलं. मेथीवाल्या मावशींची बैठक, डावा तळवा मागे टेकून, उजवा गुडघा उभा. मुलीने घड्याळ लावलं. सहाव्या मिनिटाला मनगट थरथरायला लागलं आणि मी नकळत सगळा भार डाव्या कुल्ह्यावर घेतला. तेव्हा कळलं की चार बुधवार मी त्यांचा डावा कुल्हा काढलाच नव्हता. तो लुगड्यात झाकलेला, दिसत नाही म्हणून सोडलेला. आणि सगळं वजन तर तिथेच होतं.

मग बुधवारी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि आधीचे सगळे कागद दाखवले. त्या म्हणाल्या, "म्हणजे तू रोजची माझीच चित्रं काढू राहिली व्हय?" मी म्हटलं, हो, आणि न विचारता काढली, चुकलं. बाजार उठल्यावर अर्धा तास बसाल का, दोनशे रुपये देईन, असं विचारलं. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "माल संपला तर. नाहीतर पुढच्या बुधवारी." त्या दिवशी माल संपला नाही. पुढच्या बुधवारी मी पावणेचारला पोचले तेव्हा पाटी रिकामी होती आणि त्या माझी वाट बघत होत्या.

सुरुवातीला त्यांनीही पदर सारखा करून पाठ ताठ केली. मी काही बोलले नाही, एक-एक मिनिटाचेच काढत राहिले. मधे त्यांनी विचारलं, तुझं सासर कुठलं, मी म्हटलं सिन्नर, तर त्यांची धाकटी मुलगी तिथेच दिलेली निघाली. ते सांगता सांगता तळवा आपोआप मागे गेला आणि गुडघा उभा राहिला. मी त्यांना विचारून पाटीतल्या ओल्या मातीने तळव्याची आणि पावलाची खूण करून घेतली, खडू घरी विसरला होता.

सर, पाण्याची पातळी लावली. पाणी टेकलेल्या तळव्यापाशी पोचलं तेव्हा पाटीची कड बुडाली होती, उजवं पाऊल मात्र माझ्या बाजूला बरंच खाली गेलेलं. मी आजवर पाऊल आणि तळवा एका रेषेत काढत होते, म्हणून तर त्या हवेत होत्या. गळ्याच्या खळग्यातून सोडलेला दोरा डाव्या कुल्ह्याच्या किंचित आत आला. तिथे मी सगळ्यात जास्त काळं भरलं, कांडी मोडेपर्यंत. उजव्या मांडीला नुसती एक पुसट छाया. चेहरा काढायला वेळच उरला नाही.

सहकार कॉलनीतल्या दोघी आणि माझ्या ऑफिसमधली एक अशा चौघी आता रविवारी सकाळी माझ्या हॉलमध्ये जमतो. पूर्वेची खिडकी आहे. पाळीपाळीने एकीने बसायचं, तिघींनी काढायचं, मोबाइल स्वयंपाकघरात. महिन्यातून एकदा वर्गणी काढून बाहेरचं कुणी बोलावतो. मागच्या रविवारी सोसायटीचे माळीकाका आले होते, फावड्यावर रेलून वीस-वीस मिनिटांच्या तीन पोझ दिल्या. फावड्याने किती भार घेतलाय हे मला तिसऱ्या पोझला दिसलं.

मावशींना चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी ते लांब धरून पाहिलं. चेहरा नाही म्हणून नाराज होतील असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या, "दुपारी दोनला असंच दुखतं बघ इथं," आणि कुल्ह्यावर हात ठेवला. चित्र त्यांना हवं होतं. गंगापूररोड, यासाठीच तुम्हाला विचारते: हे छापखान्याच्या कागदावरचं आहे आणि चारकोल अजून हाताला लागतोय. फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड धरून ठेवणारा स्प्रे, गच्चीवर, फूटभर अंतरावरून, एकदम जाड न मारता दोन-तीन हलके हात मारायचे ना? मागे पुठ्ठा लावून देईन म्हणते. बुधवारपर्यंत वेळ आहे.

गंगापूररोड

हो, तसंच. दोन हातांच्या मधे दहा मिनिटं सुकू द्या, आणि मारण्याआधी कागद उभा धरून मागून टिचकी मारा म्हणजे सुटी पूड पडेल. फुंकू नका, नाका-तोंडात जाते. देण्याआधी एक करा, चित्राचा दिवसाउजेडी फोटो घेऊन ठेवा. तो कागद पिवळा पडणार आहे.

स्टँडवरून

मावशींना विचारा, त्यांना पुढच्या वेळी डाव्याऐवजी उजव्या बाजूला टेकून बसायला चालेल का. एकाच कुल्ह्यावर दर आठवड्याला नको.